फवारणी पंपाची मोटर, एक पॅनल आणि गोठ्याचं पाणी



गेल्या महिन्यात डाळिंबाच्या पानगळीवर लिहिलं, तेव्हा फोटोत मागं हौदाजवळ एक छोटा सोलर पॅनल दिसत होता. बऱ्याच जणांनी विचारलं, भाऊ, ते काय बसवलंय? आज सवड आहे म्हणून सविस्तर सांगतो. लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही माझ्यासारखेच पैसे घालवाल.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही. दहावी पास, पुढं शेती. जे चुकत चुकत कळलं तेवढंच लिहितो. आणि सुरुवात पॅनलपासून करता येणार नाही, गाईपासून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. तेव्हा हौदात अर्ध्या एचपीची लाईटवरची मोटर सोडलेली होती. बटण दाबलं की पाणी गोठ्यात. वायर गोठ्यातनंच नेलेली, लोखंडी पाइपाच्या खांबाला सुतळीनं बांधून. अर्थिंग केलेलं नव्हतं. करू करू म्हणत चार वर्षं काढली होती. उंदरानं वायर कुरतडली, रात्रभर झड लागलेली, खांब ओला. पहाटे घरच्यांनी मोटर चालू केली आणि दुधाची किटली आणायला आत गेल्या. तेवढ्यात चंद्रीनं, आमच्या गाभण होस्टन गाईनं, गव्हाणीच्या पाइपाला मान लावली असणार. धप्प आवाज आला. मी पळत जाऊन कटआउट ओढला, तोवर सगळं संपलं होतं.

सत्तर हजारांची गाय गेली, पोटातलं वासरू गेलं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात गाय नव्हती. किटली जर आधीच हातात असती तर त्याच पाइपाला धरून घरच्या धारेला बसल्या असत्या. हे आम्ही दोघांनीही तोंडानं कधी बोललो नाही.

दुपारी त्यांनी स्वतः विळ्यानं सुतळ्या तोडल्या, वायर गुंडाळून माझ्यापुढं टाकली आणि म्हणाल्या, "आजपासनं गोठ्यात वायर येणार न्हाई. मी बादलीनं पाणी घालीन." मी म्हणलं, अगं, अर्थिंग करून घेतो, ट्रिप होणारा स्विच बसवतो. त्या म्हणाल्या, "चार वर्षं हेच ऐकलं." त्यावर मला उत्तर नव्हतं.

मग सुरू झाल्या बादल्या. दोन गाई, एक म्हैस, दोन कालवडी, चार शेळ्या. हिवाळ्यात अडीचशे लिटर, उन्हाळ्यात साडेतीनशेच्या वर. पंधरा लिटरची बादली धरली तर सतरा ते चोवीस खेपा. हौदापासून गोठा साठ फूट, आणि मध्ये बांधाचा चढ. मी रानात असायचो. रात्रपाळीची लाईट असली की रात्री बारे देऊन सकाळी झोपलेला असायचो. खेपा त्यांच्याच.

गेल्या दिवाळीत त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले झीज आहे, वजन उचलणं बंद करा. घरी येऊन त्यांनी बादलीच उचलली. जनावर काय थांबतंय का?

तेव्हा ठरवलं, बादली बंद करायची. पण त्यांची अटही मोडायची नाही. गोठ्यात वायर जाणार नाही, पाइप तेवढा जाईल. मोटर, पॅनल सगळं हौदापाशी. गोठ्यालगत दगडी कट्ट्यावर पाचशे लिटरची काळी टाकी, तिच्यातून नळानं गव्हाणीत पाणी. टाकीचं तोंड हौदापासून दहा फूट उंच. एवढंच पाणी चढवायचं.

घरात दोन वस्तू पडून होत्या. एक, बॅटरीचा फवारणी पंप. त्याची १२ व्होल्टची बॅटरी मेलेली, मोटर चांगली. दुसरी, झटका मशीनचा ४० वॅटचा पॅनल. डुकरांसाठी बसवला होता, मशीन जळून गेलं आणि पॅनल छपरावर राहिला. मी म्हणलं, सरळ हिशोब आहे. पॅनलही १२ व्होल्टचा, मोटरही १२ व्होल्टची. दोन वायरी जोडायच्या. बॅटरी कशाला? बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, परत पैसे. आपल्याला रात्री पाणी चढवायचंच नाही. दिवसा टाकी भरली की टाकीच आपली बॅटरी.

हा विचार बरोबर होता, अजूनही तसंच म्हणतो. चुकलं ते पुढं.

मार्गशीर्षातली सकाळ, नऊ वाजलेले, लख्ख ऊन. शेजारचे दोघं बघायला आलेले, घरच्या दारात उभ्या. मी वायरी जोडल्या. मोटर नुसती गुं गुं केली आणि गप्प. वायरी उलट करून बघितल्या, तेच. मीटर लावला. मोटर सोडवली की पॅनल २० व्होल्ट दाखवतो, जोडली की दीड व्होल्ट! शेजारचा म्हणाला, "पॅनल डुप्लिकेट दिसतोय." घरच्या काही बोलल्या नाहीत. बादली उचलली आणि हौदाकडं गेल्या. ते न बोलणं मला जास्त लागलं.

बारा वाजता परत जोडलं तर मोटर पळाली! पाणी टाकीत पडायला लागलं. मी हाक मारून सगळ्यांना बोलावलं. माणसं येईपर्यंत ढगाचा एक तुकडा आडवा आला, मोटर थांबली. ढग सरकला तरी सुरू होईना, नुसती गुणगुण.

दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन तालुक्याला रिवायंडिंगवाल्याकडं गेलो. पोरगा तिशीचा, पण हुशार. त्यानं मोटर बॅटरीला लावली, एका झटक्यात फिरली. म्हणाला, "काका, मोटर चांगली, पॅनलही चांगला. पॅनलला बॅटरी समजलात, तिथं चुकलं."

त्यानं जे सांगितलं ते मी आपल्या भाषेत सांगतो. बॅटरी म्हणजे भरलेली विहीर. मोठी मोटर टाका, घटकाभर वाट्टेल तेवढं पाणी उपसता येतं. पॅनल म्हणजे झरा. त्या घडीला ऊन जेवढं, तेवढाच करंट येतो, वर एक थेंब नाही. आणि डीसी मोटर सुरू होताना, फिरायला लागण्याआधी, चालू असताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट मागते. बॅटरी तो झटका देते. पॅनल देऊ शकत नाही, म्हणून व्होल्टेज कोसळतं. झऱ्यावर पाच एचपीची मोटर बसवली तर ती हवाच ओढणार, तसं.

त्याचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: जोर अँपिअरचा, वेग व्होल्टचा. मोटर किती जोरानं वळणार हे करंट ठरवतो, किती वेगानं फिरणार हे व्होल्टेज ठरवतं. सकाळी पॅनलचं व्होल्टेज जवळजवळ पूर्ण असतं, म्हणून मीटर आपल्याला फसवतो. करंट मात्र उन्हाच्या प्रमाणात असतो. माझ्या पॅनलच्या पाठीमागच्या पाटीवर कमाल कामाचा करंट २.२ अँपिअर लिहिलेला. तो भर दुपारचा. सकाळी नऊला त्याच्या निम्मासुद्धा नाही.

आणि फवारणी पंपाची जात वेगळी. तो डायफ्रामचा पंप. पहिल्या फेऱ्यापासून पाणी दाबायला लागतो, म्हणून सुरुवातीलाच पूर्ण जोर पाहिजे. पंखा असलेला पंप हळू फिरताना जवळजवळ मोकळा असतो, कमी उन्हातही फिरायला लागतो. पण हळू फिरून तो पाणी वर चढवत नाही, हेही खरं. डायफ्राम एकदा फिरला की हळू का होईना, पाणी चढवतोच. म्हणून मी डायफ्रामच ठेवला.

तो म्हणाला, ओझं कमी करा किंवा पॅनल मोठा घ्या. मी दोन्ही केलं.

ओझं कुठं होतं? पाइपात. मी फवारणीचीच बारीक नळी साठ फूट लावली होती. आतून जेमतेम आठ मिलिमीटर. दहा फूट उंचीला जेवढा जोर लागतो त्याच्या दुप्पट जोर त्या नळीच्या घर्षणातच जात होता. डाळिंबाच्या बागेतली जुनी १६ एमएमची लॅटरल पडून होती. तिची भोकं नसलेला कोरा तुकडा लावला. त्याच पॅनलवर, त्याच मोटरवर पाणी लगेच वाढलं. फुकटात. माझं ऐका, पैसे खर्च करायच्या आधी पाइप बदला.

दुसरं ओझं वायरीत. पॅनल छपरावर, मोटर हौदावर, मध्ये साठ फूट बारीक वायर. जाऊन-येऊन एकशेवीस फूट. पावणेदोन व्होल्ट वायरीतच खाल्ले जात होते. घरच्या २३० व्होल्टला एवढं कळत नाही, पण १८ व्होल्टातून पावणेदोन गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. म्हणून पॅनल मोटरजवळ आणायचा. पाइप लांब चालेल, वायर लांब नको.

मग जानेवारीत १०० वॅटचा पॅनल घेतला, अडतीसशे रुपयांना. कामाचा करंट साडेपाच अँपिअर. मोटरला एवढा लागत नाही, मग मोठा कशाला? सकाळसाठी. १०० वॅटचा पॅनल सकाळी जेवढा करंट देतो, तेवढा ४० वॅटचा भर दुपारी देतो. ढग आला आणि गेला तरी मोटर आपली आपण सुरू होते.

झालं असं वाटलं. बारा दिवस छान चाललं. एका दुपारी जाऊन बघतो तर मोटरला हात लावत नव्हता, जळका वास, आणि हौद रिकामा. इथं दोन चुका एकदम भोवल्या. एक, हौदातलं पाणी संपलं तरी मोटर कोरडीच फिरत राहिली. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. १२ व्होल्टचा म्हणतात तो पॅनल भर उन्हात, ओझं कमी असलं की, १८-२० व्होल्ट देतो. जोर अँपिअरचा, वेग व्होल्टचा. १२ व्होल्टची मोटर २० व्होल्टवर दीडपटीपेक्षा जास्त वेगानं पळत होती. बारा दिवसांत कार्बन घासून गेले. छोट्या पॅनलवर मोटर चालत नव्हती, मोठ्यावर जळाली.

त्या रात्री मी घरच्यांना म्हणलं, राहू दे, गडी लावू पाण्याला. त्या म्हणाल्या, "गड्याला किती देणार? आणि बारा दिवस माझा गुडघा बरा होता." एवढंच बोलल्या. सकाळी मी परत तालुक्याला.

आताची जोडणी अशी आहे. नवी मोटर, साडेसहाशे. पॅनल आणि मोटरच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारं छोटं मॉड्यूल, स्टेप डाऊन म्हणतात, अडीचशेच्या आसपास. ते १३ व्होल्टवर बांधून ठेवलंय. याचा आणखी एक फायदा, व्होल्टेज उतरवताना ते बाहेर करंट वाढवून देतं, सायकलचा गिअर बदलल्यासारखं. पण ऊन फारच कमी असेल तर साधं मॉड्यूल काही करू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. शिवाय दोन फ्लोट, एक हौदात आणि एक टाकीत, एकाच वायरीवर एकामागं एक. हौद रिकामा झाला की मोटर बंद, टाकी भरली की मोटर बंद. टाकीतल्या फ्लोटची वायर गोठ्याच्या बाहेरच्या अंगानं, प्लॅस्टिकच्या नळीतून नेली. नेण्याआधी घरच्यांना विचारलं. त्यांनी स्वतः बघितलं, हात लावून खात्री केली, मग हो म्हणाल्या. सगळा खर्च सव्वापाच हजारांच्या आसपास.

पाणी मिनिटाला चार लिटर. ऐकायला कमी वाटतं. पण दोन तास पाच मिनिटांत पाचशे लिटरची टाकी भरते. हिवाळ्यात साडेआठला सुरू होते, अकराच्या आत काम संपतं. बाकी दिवस पॅनल रिकामाच.

काही बारीक गोष्टी, एकत्र लिहितो:

१) आपल्या भागात पॅनल दक्षिणेकडं, साधारण १७-१८ अंश उतारानं लावतात. दिवसभराच्या हिशोबाला ते बरोबर. मला पाणी सकाळी पाहिजे, म्हणून मी आग्नेयेकडं वळवला. मोटर अर्धा-पाऊण तास आधी सुरू होते.

२) सावली. शेवग्याची एक फांदी पॅनलच्या कोपऱ्यावर आली होती. कोपराच तर आहे म्हणून सोडून दिलं. पाणी निम्म्यावर आलं. पॅनलमधल्या काचा, म्हणजे सेल, एकापुढं एक जोडलेल्या असतात. एक अडली की पुढचं अडतं. फांदी तोडली, पाणी परत आलं.

३) धूळ आणि दव. सकाळी ओल्या फडक्यानं पुसा. गोठ्याजवळ भुस्कट फार उडतं.

४) मोटर गुणगुणत अडलेली दिसली तर तशीच ठेवू नका, वायर सोडवा. एकाच जागी करंट जाऊन वाइंडिंग तापतं.

५) एका पॅनलवर फ्यूज लावून निश्चिंत राहू नका. शॉर्ट झालं तरी पॅनलचा करंट थोडाच वाढतो, फ्यूज उडत नाही. त्यापेक्षा जोड घट्ट आणि कोरडे ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे १८-२० व्होल्टचं खेळणं आहे, म्हणून मी त्याला हात लावतो. शासनाच्या योजनेतले ३, ५, साडेसात एचपीचे सौर पंप असतात, त्यांना हे लागू नाही. तिथं बरेच पॅनल एकापुढं एक जोडलेले असतात आणि व्होल्टेज शेकड्यात जातं, तेही डीसी. ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाही, पॅनल उन्हात आहे म्हणजे जिवंत आहे. चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, लांबत जाते. तिथं आपलं डोकं चालवू नका, माणूस बोलवा.

आणि कमी व्होल्टेज म्हणून जनावराजवळ उघडी वायर ठेवू नका. गाईला आपल्यापेक्षा लवकर करंट जाणवतो. चार पाय ओल्या जमिनीवर, तोंड पाण्यात. मरणार नाही, पण पाणी प्यायची बंद होईल. घरच्यांची अट म्हणूनच शहाणपणाची होती. मी ती अट पाळायला म्हणून सगळी मांडणी बदलली, आणि तीच मांडणी सगळ्यात चांगली निघाली.

थोरला पुण्याहून आला तेव्हा म्हणाला, "आबा, सहा महिने एवढी खटपट केली, त्यापेक्षा तेव्हाच अर्थिंग करून ट्रिप स्विच बसवला असता तर?" पोराचं खरं आहे. दोन-तीन हजारांचं काम होतं. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असता तर चंद्री वाचली असती. आता घराला, विहिरीच्या मोटरला, सगळीकडं बसवून घेतलाय. पण गोठ्यात लाईटची वायर नाही ती नाहीच.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. यंदा आषाढात सलग चार दिवस झड लागली. ऊन नाही, मोटर नाही. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी. घरच्या बादलीकडं निघाल्या, मी म्हणलं बस, मी घालतो. चार दिवस खेपा मी केल्या. पहिल्या दिवशी मोजल्या, सतरा. चिखलात, चढावर. संध्याकाळी कंबर धरून ओट्यावर बसलो तर त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता कळलं?"

कळलं. तीन वर्षं रोज सतरा खेपा. मी घरातच होतो, आणि मी कधी मोजल्या नव्हत्या.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. नऊला टाकीत धार पडल्याचा आवाज आला. मी उठून बघायलाही गेलो नाही, अंग फार दुखत होतं.

ज्यांच्या गोठ्यात आज वायर लोखंडी खांबाला बांधलेली आहे त्यांनी सोलरचं नंतर बघा. आधी वायर सोडवा, आणि अर्थिंगवाल्याला आजच फोन लावा. करू करू म्हणू नका.

राम राम.